एकोणीस ठिणग्या

तनिष्का लोखंडे पुण्याहून कोल्हापूरला आली ती हातात एक छोटी करडी पेटी घेऊन. दारात चप्पल काढता काढताच तिनं सांगून टाकलं, "काकू, घाबरायचं काही कारण नाही. ही साधा आवाजसुद्धा करत नाही."

"मला कशाची भीती?" स्वरूपा इंगवले म्हणाली. "बस. चहा टाकते."

भीती होती. चांगली तीन महिन्यांपासून होती. 'साचा मोड' या गाण्याचा व्हिडिओ कायमच्या जतनासाठी निवडला आहे, आपल्या दिवंगत यजमानांनी तो संकलित केला होता, तरी वारस म्हणून आपलं सहकार्य हवं, असं पुण्याच्या दृश्यठेवा संस्थेचं पत्र आलं तेव्हापासून. शेजारणींनी पेढे मागितले. स्वरूपानं पेढे वाटले, सगळ्यांशी हसून बोलली आणि दार लावून घेतल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली. धैर्यशीलला जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. या घरात आता मोठ्यानं काही पडलं तरच आवाज व्हायचा.

'साचा मोड' माहीत नाही असा माणूस २०४४ सालातही शोधून काढावा लागेल. बत्तीस वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या चार पोरांनी आणि रेश्मा चौगुले नावाच्या एका पोरीनं 'ओतीव' नावाचा रॉक बँड काढला होता. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत, वितळलेल्या लोखंडाच्या समोर उभं राहून त्यांनी हे गाणं गायलं. चित्रण धैर्यशीलचं, संकलनही त्याचंच. चार मिनिटं सहा सेकंदांचा व्हिडिओ, दोनशे चौदा कट. पण लोकांच्या डोक्यात राहिली ती एकच गोष्ट. रेश्माची ओळ संपते, ती कॅमेऱ्याकडे बघते, आणि दृश्य बदलायच्या आत पडद्यावर एक पांढरी ठिणगी चमकून जाते. इतकी झटकन, की बघणाऱ्याला आपण काय बघितलं ते कळत नाही, फक्त काळजात काहीतरी लकाकतं. 'ठिणगी-कट' असं तिचं नाव पडलं. पुढं साबणाच्या जाहिरातींपासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत सगळ्यांनी ती उचलली. चित्रपट शिकवणाऱ्या संस्थांमध्ये तिच्यावर प्रश्न विचारतात. आणि ती ज्यानं शोधली, तो पुढची अठ्ठावीस वर्षं लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडत बसला.

आता ही पेटी काय करते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं जादूटोणा वाटेल.

मधल्या काळात बहुतेक सिनेमे यंत्रंच कापू-जोडू लागली, तेव्हा सरकारनं कायदा केला की प्रत्येक चित्रफितीवर 'मानवी हात' किंवा 'यंत्र' असा शिक्का हवा. शिक्का आला की लबाडी आली, आणि लबाडी आली की ती पकडणारं यंत्रही आलं. त्याचं नाव हातपारख. ते दोन गोष्टी मोजतं. पहिली, कट आणि गाण्याचा ठोका यांच्यातलं अंतर. सेकंदाच्या पंचवीस फ्रेम, म्हणजे पंचवीस चित्रं. माणूस ठोका ऐकतो, बोट दाबतो, आणि प्रत्येक बोटाची घाई निराळी. कुणी ठोक्याच्या एक फ्रेम नंतर कापतो, कुणी दोन फ्रेम आधी. पापणी मिटायलाही याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळं ज्याचं त्यालाही हे कळत नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं तर माणूस मेला तरी खोड चित्रफितीत शाबूत राहते.

दुसरी गोष्ट रेंगाळ. एखादं दृश्य पडद्यावर किती वेळ टिकायला हवं याचा हिशेब यंत्राकडे आहे, लाखो चित्रफिती पाहून बांधलेला. हालचाल कुठं संपते, प्रेक्षकाला चेहरा कधी ओळखू येतो, त्यावरून ते म्हणतं, इथं चाळीस फ्रेम पुरे. संकलकानं त्रेचाळीस ठेवल्या असतील तर तीन जास्तीच्या. एकदा झालं तर योगायोग. त्याच चेहऱ्यावर पुन्हापुन्हा झालं, तर हात तिथून निघत नव्हता एवढाच त्याचा अर्थ.

लोकांना दुसरी गोष्ट भारी आवडली. घराघरांतले जुने लग्नाचे व्हिडिओ बाहेर निघाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एका गावात वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची पारख झाली. व्हिडिओ धाकट्या दिरानं जोडलेला, आणि सगळी रेंगाळ नव्या वहिनीवर. सुखानं नांदणारं घर दोन चुलींचं झालं. तेव्हापासून जे काही थोडे संकलक उरले होते ते धास्तीनं सगळ्यांना सारखं मापू लागले, आणि लग्नाचे व्हिडिओ शाळेच्या वेळापत्रकासारखे दिसायला लागले.

"चित्रणाच्या मूळ टेपा तुमच्याकडे मिळाल्या हे फार बरं झालं," तनिष्का म्हणाली. तिचा चहा गार होत चालला होता. "नुसता व्हिडिओ असता तर कटच्या पलीकडे काय होतं ते कळलं नसतं. आता यंत्राला दोन्ही दिसेल, काकांनी काय ठेवलं आणि काय टाकलं."

"सगळं दिसेल?"

"अगदी सगळं. चार दिवस लागतील."

स्वरूपानं मान हलवली. रेंगाळ कुणावर निघणार हे तिला ठाऊक होतं. आणि निघणार नाही हेही ठाऊक होतं, कारण ती तिनंच कापली होती.

ही गोष्ट तिनं जन्मात कुणाला सांगितली नव्हती.

ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. राजारामपुरीत एका सायकलच्या दुकानावर धैर्यशीलची संकलनाची खोली होती, आणि ती त्याच्या हाताखाली काम शिकत होती. पगार नावापुरता. शिकवायचा मात्र जीव ओतून. "चित्र बघू नको, चित्रातलं माणूस बघ," म्हणायचा. "त्याचा श्वास संपला की काप." तिनं माणसं बघायला सुरुवात केली आणि पहिल्यांदा दिसला तो शेजारच्या खुर्चीवरचा. त्याचं वाकून बसणं, कट जमला की जिभेनं 'टक्' करणं, हे सगळं तिला घरी गेल्यावरही आठवायचं.

मग रेश्मा आली. दणक्यात गाणारी, कुणाला न भिणारी. गाताना ती थेट कॅमेऱ्यात बघायची, आणि कॅमेऱ्याच्या मागं धैर्यशील होता. ओळ संपली, श्वास संपला, तरी तिची नजर दोन-तीन फ्रेम तिथंच राहायची. त्या फ्रेम धैर्यशीलनं टाकल्या नव्हत्या. स्वतःचाच नियम मोडून ठेवल्या होत्या, एकोणीस ठिकाणी. स्वरूपा शेजारी बसून ते दिवसातून चाळीस वेळा बघत होती.

एका दुपारी तो रेश्माला मोटारसायकलवरून एस.टी. स्टँडला सोडायला गेला. चाळीस मिनिटं लागली. एवढ्यात स्वरूपानं एकोणीसच्या एकोणीस जागा उघडल्या आणि रेश्माची नजर कापली. दोन फ्रेम. दोन. तीन. दोन. डोळे पडद्यावर नव्हते, कळपट्टीच्या बटणांवर होते. एक दृश्य आखडलं की संकलनाचं मशीन पुढचं दृश्य आपोआप ताणून घ्यायचं, त्यामुळं गाणं जागचं हललं नाही. दोन फ्रेम कुणाला दिसणार, असं तिला वाटलं. ज्या माणसाला एक फ्रेम इकडंतिकडं झालेली झोपेतही कळायची, त्याच्याबद्दल तिला हे वाटलं. प्रेमात अक्कल गहाण पडते ती अशी.

तो परत आला. गाणं एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत लावलं. काही बोलला नाही.

"डोकं दुखतंय म्हणत होतीस न्हवं?" थोड्या वेळानं म्हणाला. "दोन दिवस सुट्टी घे."

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा ठिणग्या होत्या. रेश्माच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक. स्वरूपाला वाटलं, त्याला कळलं तर नाहीच, उलट त्यानं रेश्माला ओवाळलंय. एकदा नाही, एकोणीस वेळा.

त्याच वर्षी रेश्मा मुंबईला गेली. पुढच्या वर्षी धैर्यशीलनं स्वरूपाला लग्नाचं विचारलं. ती हो म्हणाली आणि हो म्हणतानाच मनात म्हणाली, ती गेली म्हणून मी. ते मनातलं वाक्य तिनं अठ्ठावीस वर्षं सांभाळलं. भांडण कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. टीव्हीवर 'साचा मोड' लागलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची, आणि बाहेर तो आवाज बंद करायचा. संकलनाचं काम तिनं सोडलं, शाळेत चित्रकला शिकवली. संध्याकाळी दोघं जेवायला समोरासमोर बसत, भाजीत मीठ कमी आहे का विचारत, आणि उठत.

चार दिवसांनी तनिष्का आली ती जरा गोंधळलेल्या चेहऱ्यानं. जेवणाच्या टेबलावर तिनं पडदा मांडला.

"काकांचा हात फार स्वच्छ आहे," ती म्हणाली. "एकशे पंचाण्णव कट ठोक्याच्या बरोबर दोन फ्रेम आधी. एवढा नेमका माणूस मी पाहिला नाही. पण या एकोणीस जागा निराळ्या आहेत. इथं दृश्य चार-पाच फ्रेम आधीच संपतं. टेपवर पुढचा भाग आहे. हे बघा, बाई अजून बघतायत. मूळ कट इथं असणार, आणि कुणीतरी मागाहून शेपूट छाटलंय. आणि छाटणारे काका नाहीत."

"कशावरून?"

"दोन, दोन, तीन, दोन. बघणारा माणूस असं कापत नाही, तो चेहऱ्याप्रमाणे कमीजास्त करतो. यानं मोजून कापलंय. मला तर वाटतं, ज्यानं कापलं त्याला ते बघवत नव्हतं." तनिष्कानं वर पाहिलं. "खोलीत आणखी कोण असायचं, काकू?"

"कुणी नाही," स्वरूपा म्हणाली. "तो एकटाच काम करायचा."

चोराच्या मनात चांदणं असतं, आणि तिच्या मनात तर त्या घडीला भर दुपार होती. तिनं उठून खिडकीचा पडदा नीट केला, जो नीटच होता.

"आणि त्या फ्रेम धरल्या तर," तिनं पाठमोरंच विचारलं, "रेंगाळ?"

तनिष्का क्षणभर घुटमळली. पोरगी हुशार होती, आणि भलीही होती. "आहे. एकोणीसपैकी एकोणीस ठिकाणी. गायिकेवर."

म्हणजे खरं होतं. बत्तीस वर्षं जे वाटत होतं ते खरंच होतं. आपण उगाच संशय घेतला नाही याचं काही समाधान वाटतंय का, ते स्वरूपानं चाचपून पाहिलं. काहीच वाटलं नाही. ती खुर्चीवर येऊन बसली.

"पण खरी गंमत पुढं आहे," तनिष्का म्हणाली. "ठिणगी. आजवर सगळे म्हणत आले की ती सजावट आहे. मी फ्रेम फ्रेम करून दाखवते. इथं बाईंचं दृश्य संपलं, ठोक्याच्या चार फ्रेम आधी. आता ठिणगी. एक, दोन. आणि पुढचं दृश्य सुरू. कुठं? ठोक्याच्या दोन फ्रेम आधी, काकांच्या जागेवर. जिथं तीन फ्रेम छाटल्यात तिथं ठिणगीही तीन फ्रेमची. एक कमी नाही, एक जास्त नाही."

"पुन्हा दाखव."

तनिष्कानं पुन्हा दाखवलं. मग तिसऱ्यांदा.

"छाटल्यावर मशीननं पुढचं दृश्य ताणलं असणार. काकांनी ते पुन्हा मागं सारलं आणि जेवढं भगदाड पडलं तेवढ्यात ठिणगी बसवली. एकोणीस ठिणग्या आहेत, एकही दुसऱ्यांदा वापरलेली नाही. बघणाऱ्याचा डोळा बाईंच्या चेहऱ्यावर असतो, ठिणगी बरोबर तिथंच पेटते आणि पुढच्या दृश्यात जिथं बघायचं तिथं डोळ्याला नेऊन सोडते. भट्टीच्या सहा तासांच्या टेपांतून अशी एकेक शोधायची म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम."

दोन दिवस सुट्टी घे.

स्वरूपा पडद्याकडे बघत राहिली. त्यानं पाहिलं होतं. पहिल्याच वेळी, त्याच दुपारी. मशीनवर एक कळ होती, केलेलं पुसून टाकणारी. ती एकोणीस वेळा दाबली असती तर दोन मिनिटांत रेश्माची नजर जागच्या जागी आली असती. ती त्यानं दाबली नाही. स्वरूपानं केलेलं भोक तसंच ठेवलं आणि कुणाला दिसू नये म्हणून त्यात उजेड भरला. मग तिच्याशी लग्न केलं. त्याच्या लेखी उत्तर देऊन झालं होतं.

आणि टीव्हीवर ते गाणं लागलं की ती उठून का जाते? त्याला वाटलं असणार, तिला आपल्या चोरीची लाज वाटते. म्हणून तो आवाज बंद करायचा, तिला जपायला. तिला वाटायचं, तो रेश्माला लपवतोय. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघं अठ्ठावीस वर्षं असे बसले होते.

"काकू, पाणी आणू?"

"नको. पुढं काय होणार?"

तनिष्कानं नजर खाली घातली. "समितीचा नियम आहे. परक्या हातानं केलेली मोडतोड दुरुस्त करता येत असेल तर करायची. टेपा आहेत, म्हणजे करता येते. त्या चव्वेचाळीस फ्रेम परत घालतील. मग ठिणग्यांना जागाच उरत नाही. काकांनी त्या नाइलाजानं घातल्या, असं समिती धरते."

"नाइलाजानं नाही!"

"मलाही तसं वाटत नाही. पण वाटणं चालत नाही. दुसरा हात कुणाचा ते कळलं, त्या माणसानं लिहून दिलं, आणि मूळ हाताला ते मान्य होतं हे दिसलं, तर दोघांचं मिळून एक काम धरता येतं. तसं लिहून दिलेलं सगळ्यांना वाचायला खुलं असतं. पुढच्या मंगळवारी मला अहवाल द्यायचाय."

ती गेल्यावर स्वरूपानं हिशेब केला. चव्वेचाळीस फ्रेम भागिले पंचवीस. पावणेदोन सेकंद. एवढ्यापायी तिनं स्वतःला आणि त्याला उभा जन्म उपाशी ठेवलं होतं. ती रडली, आणि रडताना तिला त्याचा रागही आला. मेल्या, एकदा बोलायचं होतंस की.

लिहून द्यायचं म्हणजे जगापुढं सांगायचं की या नामांकित कामात मी मत्सरानं कात्री चालवली होती. पोरं वर्गात वाचतील, हसतील. शेजारणी वाचतील. पण त्याआधी एका माणसाला सांगायला हवं होतं. शनिवारी सकाळी ती इचलकरंजीच्या बसमध्ये बसली.

रेश्मा चौगुले मुंबईहून परत येऊन वीस वर्षं झाली होती. आता घरीच पोरांना गाणं शिकवायची. गुडघे गेले होते, आवाज निम्मा गेला होता, तोरा जसाच्या तसा होता.

"स्वरूपा? आगं ये की! दारात काय उभी र्‍हायलीस?" तिनं ओढूनच आत घेतलं. "धैर्यशील गेल्याचं कळालं तवा यायला पाहिजे हुतं मी. नाही आलो. काय तोंडानं येणार, तू कधी बोलायचीसच न्हाईस माझ्याशी."

अस्सल कोल्हापुरी बाईसारखी ती अजूनही स्वतःला पुरुषासारखं 'आलो-गेलो' म्हणत होती. त्यामुळं की काय, स्वरूपाला बोलणं सोपं झालं. तिनं सगळं सांगितलं. स्टँडची दुपार, कळपट्टी, दोन-दोन-तीन-दोन. रेश्मा आधी डोळे विस्फारून ऐकत होती, मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना.

"म्हंजे बत्तीस वर्षं लोक मला इचारत्यात, त्या ठिणगीची आयडिया कुणाची, आणि ती तुझी व्हय!"

"हसण्यावारी नेऊ नकोस गं. तुझ्या फ्रेम खाल्ल्या मी."

"खा की. त्यानं काय वाळलो न्हाई मी." रेश्मानं डोळे पुसले. मग ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "एक सांगू? तुला वाटत हुतं ते खोटं न्हवतं. माझ्याबी मनात हुतं. त्याच दुपारी, स्टँडवर, मी त्याला इचारलं, मुंबईला येतोस काय माझ्यासंगं? तो म्हणाला, उद्या सांगतो."

स्वरूपाचे हात मांडीवर घट्ट झाले.

"दुसऱ्या दिवशी फोन आला. म्हणाला, 'न्हाई जमायचं, रेश्मा. हितं खोलीतच माझं कायतरी हाय, मला दिसलंच न्हवतं.' मी म्हटलं, काय हाय? तर म्हणाला, 'कुणीतरी माझ्या कामात हात घातलाय.' मला वाटलं, चोरीबिरी झाली असंल. चिडला असंल म्हटलं. पर आवाज चिडल्यासारखा न्हवता गं. हसत हुता तो."

खिडकीबाहेर कुठंतरी माग चालू होता, त्याची खटखट तेवढी ऐकू येत होती. रेश्मानं उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तीन वर्षांत स्वरूपाच्या खांद्यावर कुणी हात ठेवला नव्हता. ती तशीच बसून राहिली.

"तुला कधी बोलला न्हाई?"

"नाही. आणि मी विचारलं नाही."

"दोघंबी येडी," रेश्मा म्हणाली. "चल, जेवून जा."

मंगळवारी तनिष्का अर्ज घेऊन आली. स्वरूपानं चष्मा लावला, पेन घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर बसून एकेक रकाना भरू लागली. दुसऱ्या हाताचं नाव: स्वरूपा धैर्यशील इंगवले. केलेला बदल: एकोणीस ठिकाणी मिळून चव्वेचाळीस फ्रेम कमी केल्या. कारण. इथं ती थांबली. मग तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मला तो हवा होता.' मूळ हाताच्या संमतीचा पुरावा: ठिणग्या.

तनिष्का खांद्यावरून वाचत होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

शेवटचा रकाना राहिला. स्वरूपानं एका शब्दात तो भरला आणि कागद पुढं सरकवला.

तनिष्कानं वाचलं. जरा चुळबुळली. "काकू, फक्त एक दुरुस्ती. इथं काम झालं त्या दिवसाचं नातं लिहायचंय. मूळ हाताशी तुमचं तेव्हाचं नातं. 'सहायक' लिहा. तुम्ही 'पत्नी' लिहिलंय. लग्न पुढच्या वर्षी झालं ना?"

"हो," स्वरूपा म्हणाली.

"मग?"

"त्याच दुपारपासून. मला आत्ता कळलं." तिनं पेनाला टोपण घातलं. "राहू दे तसंच."